स्टेंटवाल्या पेशंटची गाठ काढायची म्हणून इकोस्प्रिन का थांबवायची?

पंचगंगा

पाठीवरची चरबीची गाठ, मानेवरचा मस, नाकावरची भरत नसलेली जखम म्हणून बायोप्सी. काम छोटं, भूल तेवढ्या जागेपुरती. तरी आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "रक्त पातळ करायची गोळी आहे? पाच दिवस बंद करून या." कुठली गोळी, कशासाठी, कधीपासून, काही विचारायचं नाही.

मी त्वचेच्या शस्त्रक्रिया करते. माझं मत: ज्याला स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी) आहे, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्याची गोळी त्वचेच्या छोट्या कामासाठी बंद करू नये. रक्त थोडं जास्त येईल, हे मान्य. पण ते डोळ्यांसमोर येतं आणि बोटाने दाबता येतं. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी बोटाने दाबता येत नाही, आणि असे बरेच पेशंट वाचत नाहीत.

शिवाय ॲस्पिरिन (इकोस्प्रिन म्हणजे हीच) प्लेटलेटला, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशीला, कायमची निकामी करते. प्लेटलेट जगते सात ते दहा दिवस, रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. म्हणजे "दोन दिवस बंद ठेवा" म्हटल्याने रक्तस्राव फारसा कमी होत नाही, आणि आठवडाभर बंद ठेवली तर स्टेंटला गुठळीपासून संरक्षण उरत नाही. औषध लावलेल्या स्टेंटवर आतलं अस्तर सावकाश चढतं, तोवर तिथे गुठळी धरू शकते. म्हणून तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, दोन्ही मिळून साधारण सहा महिने, आणि ॲटॅकनंतर स्टेंट घातला असेल तर वर्षभर देतात. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2022 ची मार्गदर्शक सूचनाही त्वचेच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी गोळी चालू ठेवा, असंच सुचवते.

तालुक्याचा_सर्जन

मॅडम, तुमच्याकडे रात्री निवासी डॉक्टर असेल. माझ्याकडे मी आहे आणि एक मावशी आहे.

टेबलावर सगळं छान कोरडं दिसतं, कारण भुलेच्या इंजेक्शनात ॲड्रेनालिन असतं. काही तासांनी ते उतरतं, आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडतात, आणि रात्री दहाला फोन येतो की शर्ट भिजलाय. पेशंट तोपर्यंत वाडीवर पोचलेला, शेवटची एसटी गेलेली. दोन गोळ्यांवरचा पेशंट असेल तर रक्त एका नळीतून येत नाही की बांधून टाकली आणि झालं. सगळीकडून पाझरतं. आत साकळलं की वरची कातडी काळी पडते, टाके सुटतात, पू होतो. नातेवाइकांना रक्त दिसतं. टळलेला ॲटॅक कुणाला दिसत नाही.

आणि पुराव्याचंच म्हणाल तर 2014 चा 'पॉइज-2' हा अभ्यास वाचा. 10,010 पेशंट. शस्त्रक्रियेच्या वेळी ॲस्पिरिन दिलेल्यांत मृत्यू किंवा ॲटॅक कमी झाले नाहीत, दिलेल्यांत 7.0 आणि न दिलेल्यांत 7.1 टक्के. मोठा रक्तस्राव मात्र वाढला, 3.8 वरून 4.6 टक्के. मग चालू ठेवून मिळवलं काय?

पंचगंगा

पॉइज-2 मध्ये पोटाची, हाडांची, छातीची ऑपरेशनं होती, चामखीळ नव्हती. शिवाय वर्षाच्या आत औषधी स्टेंट बसवलेले लोक त्यात घेतलेच नव्हते. म्हणजे ज्यांच्याबद्दल मी बोलतेय, तेच वगळलेले. त्याच अभ्यासातले आधी अँजिओप्लास्टी झालेले 470 जण वेगळे काढून 2018 मध्ये पाहिले, तेव्हा ॲस्पिरिन मिळालेल्यांत मृत्यू किंवा ॲटॅकचं प्रमाण 11.5 वरून 6 टक्क्यांवर आलेलं होतं. गट लहान आहे, पण तुम्ही दिलेला पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो.

एसटीचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला उत्तर गोळी बंद करणं हे नाही. सकाळची वेळ द्या.

सिस्टर_कॅथलॅब

डॉक्टर लोकांच्या भांडणात पडत नाही, पण एक सांगते. स्टेंट बंद पडून आलेल्या पेशंटच्या पिशवीत कधी कधी दुसऱ्या दवाखान्याची चिठ्ठी सापडते. दात, मोतीबिंदू, गाठ, असलंच काहीतरी. "गोळी पाच दिवस बंद" लिहिलेलं असतं. परत कधी सुरू करायची, ते कुणीच लिहिलेलं नसतं. घरचे म्हणतात, टाके निघेपर्यंत नको म्हटलं. टाके निघाल्यावरही कुणाला आठवत नाही. ज्याने बंद केली त्याला हा पेशंट पुन्हा दिसत नाही, तो आमच्याकडे येतो. म्हणून त्याला वाटत राहतं की बंद करून काही बिघडत नाही.

दादरचा_नातू

बाबांना हृदयाचा काही त्रास नाही. साठी झाली म्हणून शेजारच्या काकांचं बघून ते रोज एक इकोस्प्रिन 75 घेतात. पुढच्या आठवड्यात मानेवरची गाठ काढायची आहे. त्यांनीही चालूच ठेवायची का?

पंचगंगा

नाही, त्यांचं गणित वेगळं आहे. निरोगी वृद्धांमधला 'ॲस्प्री' हा अभ्यास 2018 मध्ये आला. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, 19 हजारांवर लोक. रोजच्या ॲस्पिरिनने त्यांचं धडधाकट आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव वाढला. बाबांना ती गोळी हवीच का, हे आधी फिजिशियनना विचारा. कदाचित कायमचीच बंद होईल. काकांच्या चिठ्ठीवर आपलं औषध चालवू नये, एवढं त्यांना नक्की सांगा.

टाकेवाला

मी प्लास्टिक सर्जन. मॅडमचं बरंचसं पटतं, पण "त्वचेची शस्त्रक्रिया" म्हणून सगळं एकाच पोत्यात भरू नका. पापणी ही त्वचाच आहे. तिथे आतल्या बाजूला रक्तस्राव झाला तर डोळ्यामागे दाब वाढतो आणि काही तासांत दृष्टी जाऊ शकते. तिथे बोटाने दाबून भागत नाही. मोठा फ्लॅप (शेजारच्या कातडीचा जोडलेला तुकडा) फिरवला किंवा कातडी कलम केली तर खाली साचलेलं रक्त ते कलम मारतं. पंच बायोप्सी (गोल पात्याने कातडीचा छोटा तुकडा काढणं) आणि पापणीचं काम यांना एकच नियम लावणं मला धोक्याचं वाटतं.

आणि कॉस्मेटिकचं काय? स्टेंट घालून तीन महिने झालेला पेशंट केसांचं रोपण करा म्हणून येतो आणि गोळ्या थांबवायलाही तयार असतो! अशा वेळी गोळी थांबवू नका, रोपण थांबवा. टक्कल वर्षभर थांबतं.

तालुक्याचा_सर्जन

रोपणाचं शंभर टक्के पटलं. पण माझी अडचण कुणी ऐकत नाहीये. मी कार्डिओलॉजिस्टकडे पेशंट पाठवतो, लेखी मत मागतो. उत्तर येतं: "गरज वाटल्यास थांबवावी." गरज कुणाला वाटायची? ॲटॅक आला तर मी थांबवली, रक्त आलं तर मी थांबवली नाही. दोन्हीकडून मीच.

पंचगंगा

ती चिठ्ठी परत पाठवा. प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम येतं. "स्टेंट कधी घातला, दुसरी गोळी कुठल्या तारखेपर्यंत, ॲस्पिरिन चालू ठेवून दुसरी थांबवता येईल का, परत कधी सुरू करायची" असं लिहून विचारलं की नीट उत्तर मिळतं. दोन्ही गोळ्यांवर रक्तस्राव एकट्या ॲस्पिरिनपेक्षा जास्त होतो, हे मी नाकारत नाहीच. म्हणून घाई नसलेली गाठ दुसरी गोळी संपेपर्यंत ठेवावी. संशयाची जखम असेल, कॅन्सरची शंका असेल, तर दोन्हीवरच करते.

इंजेक्शन दिल्यावर लगेच सुरी लावत नाही, पंधरा-वीस मिनिटं थांबते. आपल्याकडे ही मिनिटंच सर्वांत महाग, कारण बाहेर रांग असते. बारीक पाझर कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, बंद करते (पेसमेकर असेल तर आधी विचारून, आणि वीज चिमट्याच्या दोन टोकांतच राहते अशी बायपोलर कॉटरी), मोठी वाहिनी बांधते, आत पोकळी राहणार नाही असे थरात टाके, वर घट्ट दाबपट्टी निदान एक दिवस. रक्तदाब वाढलेला असेल तर त्या दिवशी सुरीच नाही. आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. एकीकडे गोळी थांबवायची आणि दुसरीकडे सर्रास डायक्लोफिनॅक लिहायचं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. डायक्लोफिनॅकही प्लेटलेटवर काम करतं.

तालुक्याचा_सर्जन

ठीक. एकटी ॲस्पिरिन असेल तर चालू ठेवून करीन, तशी आताही करतोच. पण दोन गोळ्या, डोक्याची कातडी, आणि घर चाळीस किलोमीटरवर? नाही करणार. जिल्ह्याला पाठवणार. याला भित्रेपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पंचगंगा

भित्रेपणा कशाला? पाठवा. फक्त गोळ्या चालू ठेवून पाठवा.

मिरजेची_वैशाली

सासूबाईंची झडप बदललेली आहे, ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांच्या बोटावरची गाठ यातल्याच नियमाने काढायची ना?

पंचगंगा

नाही, ताई! ती वेगळ्या जातीची गोळी आहे. ती प्लेटलेटवर नाही, रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करते. तिथे आधी आयएनआर (रक्त किती सावकाश गोठतंय ते सांगणारी रक्ततपासणी) पाहावा लागतो, आणि झडपेच्या पेशंटने ती मनाने बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. हा धागा त्यांना लावू नका. ताजा आयएनआर घेऊन त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आणि गाठ काढणाऱ्यांना दोघांनाही दाखवा.