माहो बीचचं कुंपण: लोकांना धरू द्यावं का?

वाऱ्यावरची_वरात
कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाच्या डच बाजूला माहो बीच आहे. त्याला लागूनच विमानतळाची धावपट्टी, मधे फक्त कुंपण आणि रस्ता. विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की हात वर करून फोटो काढायचा मोह होतोच. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पण उतरणाऱ्या विमानाला घाबरायचं कारण फारसं नाही. त्या वेळी इंजिनं पूर्ण जोरात नसतात. डोळ्यांत वाळू जाते, टोपी उडते, संपलं.

धोका टेकऑफचा. धावपट्टी आखूड, समोर पूर्वेला डोंगर. म्हणून पायलट बीचकडे शेपटी करून टोकाला उभा राहतो, ब्रेक दाबून धरतो, इंजिनं रेटतो आणि मग सोडतो. तो सगळा झोत कुंपण आणि अरुंद रस्ता ओलांडून थेट वाळूवर. आणि लोक मुद्दाम ते कुंपण धरून लोंबकळतात! जुलै 2017 मध्ये न्यूझीलंडची 57 वर्षांची बाई अशीच मागे फेकली गेली, डोकं काँक्रीटवर आपटलं, गेली. विमान साधं बोइंग 737 होतं, जम्बो नव्हे.

माझं म्हणणं एवढंच: बीच उघडा ठेवा, पण जेट निघताना कुंपणाजवळ कुणाला उभं राहू देऊ नका.

मुक्काम_पोस्ट_आडवाट
झालं, आली बंदी! तिथे भलामोठा बोर्ड आहे, झोताने जीव जाऊ शकतो असं चित्रासकट लिहिलंय. याउपर कुणी कुंपण धरत असेल तर त्याची मर्जी. उद्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघायलाही मनाई करणार का? शिवाय त्या बेटाचं पोट पर्यटनावर आहे. शेजारच्या बारमध्ये सर्फबोर्डवर विमानांच्या वेळा लिहून ठेवतात, लोक त्या बघून बीअर मागवतात.

वाऱ्यावरची_वरात
कोकणकडा तुम्हाला ढकलत नाही हो. आणि बोर्डाचं म्हणाल तर त्याच्यासमोरच सेल्फी काढतात. गंमत अशी की तिथून शेजारच्या बेटांना जाणारी छोटी ट्विन ऑटर विमानंही सुटतात. त्यांचा वारा म्हणजे पंख्याचा वारा. माणूस तेवढ्यावर शेफारतो, "काही होत नाही" म्हणतो, आणि पुढचं जेट असतं. कुंपण तेच, वारा वेगळा. ही मर्जी नव्हे, फसगत आहे.

चिकलठाण्याचा_पाहुणा
सगळे बघ्यांचंच बोलताय, विमानातल्यांचं कोण बोलणार? 26 एप्रिल 1993, औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं 737 उडालं आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याचं चाक लागलं. 55 माणसं गेली. चौकशीत पायलटने नाक उचलायला उशीर केला हे आलंच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक आवरली नाही म्हणून विमानतळ प्राधिकरणावरही ठपका आला. म्हणजे टोकाजवळचा रस्ता हा बघ्यांच्या हौसेपुरता प्रश्न नाही. मी धागाकर्त्याच्याही पुढे जाईन: टेकऑफच्या वेळी गाड्यासुद्धा थांबवा.

हाउन्सलोची_वहिनी
आमच्याकडे लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ मर्टल अॅव्हेन्यू आहे. गवताचा तुकडा, शनिवारी आईबाप, पोरं, डबे, शिडीवर चढलेले कॅमेरेवाले आजोबा. विमानं छपरांवरून अगदी खाली येतात. तिथे बघ्यांना कुणी हाकलत नाही, कारण धावपट्टीचं टोक बरंच लांब आहे. स्पॉटर मंडळींना, म्हणजे विमानं बघायचा छंद असणाऱ्यांना, सरसकट बेजबाबदार म्हणू नका. नाद असलेला माणूस वाऱ्याची दिशा आणि धावपट्टी बघूनच उभा राहतो. कुंपणाला लटकणारे बहुतेक क्रूझवरून उतरलेले हौशी असणार.

जरीमरीवाला
वहिनी, शनिवारचे डबे वगैरे ठीक. मुंबई विमानतळाशेजारच्या आमच्या जरीमरीत विमान बघायला कुणी जात नाही, विमानच घरावर येतं. फोन चालू असेल तर "थांब, विमान जाऊ दे" म्हणायचं आणि पुढचं वाक्य बोलायचं. परदेशातल्या हौशी लोकांच्या सुरक्षेवर एवढा खल, आणि धावपट्टीशेजारी राहणाऱ्यांना मात्र विचारायचं, तिथे राहता कशाला?

वाऱ्यावरची_वरात
जरीमरीवाले, रास्त आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे इलाजापुरतं बोलू. जिब्राल्टरला हमरस्ताच धावपट्टी ओलांडून जायचा. विमान आलं की फाटक पडायचं, गाड्या, माणसं मुकाट थांबायची. 2023 मध्ये बोगदा झाला तोपर्यंत वर्षानुवर्षं हेच चाललं. माहोला तसंच करा: जेट धावपट्टीवर वळलं की रस्त्याला फाटक आणि कुंपणाजवळ भोंगा.

मुक्काम_पोस्ट_आडवाट
भोंग्याला माझी ना नाही. पण लिहून ठेवा, भोंगा वाजला की बारमधले उठून कुंपणाकडेच पळतील. त्यांना तेव्हाच कळणार ना, मोठं विमान सुटतंय म्हणून!

चिकलठाण्याचा_पाहुणा
मग भोंगा नको, कुंपणच मागे घ्या. रस्त्याच्या अलीकडे, बीचच्या बाजूला.

मुक्काम_पोस्ट_आडवाट
आणि बारवाल्याचे ग्राहक रस्ता कुठून ओलांडणार?