पाऱ्याचे बीपी यंत्र काढून टाका म्हणे. पण टाकायचे कुठे?

गल्लीतला दवाखाना: ‘पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराखाली पाऱ्याच्या बीपी यंत्रांना भारतात मिळालेली सवलत 2025 पर्यंतचीच होती, अजूनही ती वापरणारे डॉक्टर निव्वळ आळशी आहेत,’ असे काल येथे एकाने लिहिले, म्हणून हा प्रपंच. यंत्र बदलायला माझी ना नाही. प्रश्न जुन्याचा आहे. पारा दवाखान्याच्या जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकता येत नाही, कारण ती भट्टीत जाते आणि पाऱ्याची वाफ धुराड्यातून आपल्याच डोक्यावर येते. कचऱ्याची गाडी तो घेत नाही. भंगारवाला मात्र हसत नेतो. घातक कचऱ्याची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत, पण एका यंत्रासाठी मला तिथे दारात तरी कोण उभे करील?

लॅबवाली: भंगारवाल्याचे नाव थट्टेतही घेऊ नका. एका यंत्रात 80 ते 100 ग्रॅम पारा असतो, तर थर्मामीटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम. आणि तेवढाच सांडला तेव्हा आमच्या मावशींनी झाडू फिरवून त्याचे थेंब लादीच्या फटीफटीत पोहोचवले. जाड कागदाने थेंब एकत्र करून, बिनसुईच्या सिरिंजने ओढून, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायला कोणाची परवानगी लागते? ‘गाडी घेत नाही’ ही सबब मी फार ऐकली आहे.

निवृत्त फिजिशियन: बाटलीचे नंतर पाहू. ज्याची नाडी अनियमित आहे, त्याच्या दंडावर डिजिटल यंत्र दर वेळी निराळा आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावर गोळी वाढवणारे तरुण डॉक्टर मी पाहिले आहेत. उभी हयात ज्या पाऱ्यावर काढली, तो आता एकाएकी विष ठरला काय?

लॅबवाली: विष तो तेव्हाही होता. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना 2001 साली पाऱ्याच्या प्रदूषणामुळेच बंद पडला, हे तुमच्या पिढीला मी सांगायला नको.

तालुक्याचा डॉक्टर: सर, जाड दंडाला लहान कफ, म्हणजे यंत्राचा हवा भरायचा पट्टा, बांधला तर पाऱ्याचे यंत्रही चढाच आकडा दाखवते, आणि योग्य मापाचा कफ किती दवाखान्यांत असतो? काटा असलेले, बिनपाऱ्याचे अॅनेरॉइड यंत्र घ्या, स्टेथोस्कोप लावून पूर्वीसारखेच ऐका.

निवृत्त फिजिशियन: अॅनेरॉइड एकदा आपटले की काटा सरकतो, आणि ते तपासून घ्यायला शेवटी पाऱ्याचेच यंत्र शोधत फिरतात. तरीही कफाचा मुद्दा मान्य. आमच्या विद्यार्थ्यांना तो कधी पटला नाही, तुम्हाला पटला हे नशीब.

गल्लीतला दवाखाना: मी टाकायचे कुठे विचारले होते, येथे मोजायचे कशाने यावरच रणकंदन माजले. लॅबवाल्या ताई, बाटली भरतो, वर चिठ्ठी लावतो, कुलपातही ठेवतो. ती ताब्यात घेऊन पावती देणारा माणूस तेवढा आपण पाठवा, चहा माझ्याकडून.

लॅबवाली: पावती हवी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. गावातील दहा दवाखान्यांनी मिळून पत्र दिले, तर एका यंत्रासाठी कोण येणार हा तुमचा लाडका प्रश्नही उरणार नाही.

गल्लीतला दवाखाना: दहा डॉक्टर एका कागदावर सही करतील, हे तुम्हाला खरेच वाटते? बरे, मसुदा पाठवा. पहिली सही माझी.