सी प्रोग्रामिंगमध्ये साल १२६ का येतंय??

कोथरूडला क्लास लावलाय, सी नुकतंच सुरू केलंय. टाइम_टी (वेळेचा आकडा) लोकलटाइम या तारीख-वेळ काढून देणाऱ्या फंक्शनला दिला आणि प्रिंट केलं तर मार्च २०२६ ऐवजी महिना २ साल १२६, वर वेळ साडेपाच तास मागे, ऑनलाइन कंपायलर आहे, काय चुकतंय?

> काही चुकत नाहीये रे. टीएम_इयर (त्यातलं साल) १९०० पासून मोजतं, तेवढे मिळव. महिना ० पासून, म्हणून +१. दिवस मात्र १ पासूनच असतो, मी व्हायवाला तिथेच आपटलेलो.

> वेळेचं म्हणशील तर ऑनलाइन कंपायलरचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, आपण तिच्या साडेपाच तास पुढे) असणार, घरच्या मशीनवर चालवून बघ. आणि लोकलटाइम दोनदा बोलावलास तर मिळणारे दोन्ही पॉइंटर (मेमरीतला पत्ता) बहुतेक एकाच जागेकडे बघतात, दुसरी तारीख पहिलीला पुसते, आधी पहिली तारीख स्वतःच्या वेगळ्या स्ट्रक्टमध्ये (व्हेरिएबलमध्ये) कॉपी कर.

> च्यायला, म्हणून दोन्ही तारखा सेम दिसत होत्या होय! थँक्स दादा