मदत हवी आहे: सीहा पेशींत ई-७ चा बँड ११ ऐवजी १७ ला येतोय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचं शेवटचं सत्र आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर प्रोजेक्ट आहे आणि सीहा पेशींत (याच कर्करोगाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) एचपीव्ही-१६ या विषाणूचं ई-७ प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर दाखवायचंय, म्हणजे प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर नेऊन (ट्रान्सफर), अँटीबॉडीने त्याचा पट्टा (बँड) ओळखायचाय. तीन आठवडे इथेच अडकले आहे.

ई-७ मध्ये ९८ अमिनो आम्लं, म्हणजे वजन साधारण ११ किलोडाल्टन. माझा बँड मात्र १७ च्या आसपास, तोही पुसट. ११ ला काहीच नाही. सी-३३ए पेशींत एचपीव्ही नसतो, तिथे १७ चा बँड दिसत नाही, म्हणून हा ई-७ च असावा असं मला वाटतं. पण पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे बँड दिसायलाच हवा म्हणून लावलेल्या हेला पेशींची लेन (जेलवरचा रकाना) कोरीच! गाइड म्हणतात, अँटीबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटतेय, तो बँड सोडून दे.

१५ टक्क्यांचं जेल, ०.४५ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, रात्रभर ट्रान्सफर. अ‍ॅक्टिन (सगळ्याच पेशींत असणारं, तुलनेसाठीचं प्रथिन) व्यवस्थित येतो.

आणखी एक. बँड ई-७ चा ठरला तरी प्रथिन पेशीत आहे एवढंच कळेल. पेशी त्याच्यामुळेच बेसुमार वाढतात हे कसं दाखवायचं? माझी मावशी या आजाराने गेली. नुसता फोटो प्रबंधात चिकटवून विषय संपवायला मन तयार नाही.

प्रतिसाद:
बँड सोडू नका. ई-७ खूप आम्लधर्मी आहे, एसडीएस जेलवर ते संथ सरकतं आणि १७-१८ लाच दिसतं. हेलात एचपीव्ही-१८ असतो. अँटीबॉडी फक्त १६ ची असेल तर ती लेन कोरीच राहणार. त्याऐवजी कास्की पेशी लावा. त्यांत १६ च्या जीनोमच्या सुमारे ६०० प्रती असतात, सीहात एखाद-दुसरीच. शिवाय एवढंसं प्रथिन रात्रभरात ०.४५ मधून आरपार निघून जातं. ०.२ चा मेम्ब्रेन घ्या, ट्रान्सफरची वेळ कमी करा.

तुमचा दुसरा प्रश्न खरा मोलाचा. ई-६ (याच विषाणूचं दुसरं प्रथिन) आणि ई-७ एकाच आरएनएवरून बनतात, त्यामुळे एका एसआयआरएनएने (ठरावीक आरएनए नष्ट करवणारा छोटा आरएनए) दोन्ही खाली आणता येतात. पी-५३ आणि आरबी ही पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनं. ई-६ हे पी-५३ ला नष्ट करवतं, ई-७ हे आरबीला निकामी करतं. दोघं हटल्यावर पी-५३ परत वर आलं आणि सीहाची वाढ थांबली, तर तो पुरावा. १७ चा बँडही त्याच वेळी गेला पाहिजे. पी-५३ ची तुलना सी-३३ए शी करू नका, तिथे पी-५३ आणि आरबी दोन्हींत मुळातच उत्परिवर्तन आहे.

धागाकर्ती:
मनापासून आभार! अँटीबॉडीच्या बाटलीवर १६ च लिहिलंय, मी लक्षच दिलं नव्हतं. कास्की शेजारच्या लॅबमध्ये आहेत, सोमवारी मागते. पी-५३ बघायला एसआयआरएनए दिल्यावर ४८ तास पुरतील, की ७२ थांबू?