आधी स्पॅनिश, मग तिकीट

तुमची मुलगी बी.एड. झाल्यावर इक्वेडोरला जाऊन कामकरी मुलांना शिकवणार, हे वाचून फार बरं वाटलं. पण ती दोन-तीन आठवड्यांसाठीच जाणार असेल, तर एवढ्यात काय साधणार, ही इतरांनी काढलेली शंका मलाही पटते.

इक्वेडोरच्या राजधानीचं, क्विटोचंच उदाहरण घ्या. १९६४ साली जॉन हॅलिगन या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) पाद्रींनी तिथल्या बूटपॉलिशवाल्या पोरांसाठी काम सुरू केलं. लाकडी खोकं खांद्याला, बोटं पॉलिशने काळी, अशी ती पोरं. एकट्या पोराला जेवू घालून भागत नाही, म्हणून पुढे अख्खं कुटुंबच संस्थेचं सभासद करून घेऊ लागले. आईबापांना अक्षरओळख, मुलांना शाळेबरोबर हातचा धंदा, आणि थोडी का होईना, बचत करायचीच. (ही बचतीची अट मला सगळ्यात मोलाची वाटते.) परदेशी स्वयंसेवक तिथे वर्ष-वर्ष राहून शिकवत आलेत. मुलं जीव लावायलाच महिने घेतात हो!

तिला म्हणावं, आजपासून स्पॅनिशला लाग. आणि क्विटो २,८५० मीटर उंचीवर आहे, सुरुवातीला जिना चढतानाही धाप लागते. पोचल्याच दिवशी वर्ग घ्यायला धावू नकोस.