खुशीने लढतो म्हणे!

युद्धात प्राणी वापरण्याबद्दल कुणी म्हणतं, ‘कुत्रा स्वखुशीने लढतो, त्यात अन्याय कसला?’ हा मुद्दा काही पटला नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने कुत्र्यांना उपाशी ठेवून रणगाड्याखाली खाणं शोधायला शिकवलं. मग पाठीवर स्फोटकं, वर एक उभा दांडा; तो रणगाड्याच्या पोटाला लागून वाकला की स्फोट. ते बिचारं जेवणाच्या आशेने धावत होतं हो! काही तर गोळीबाराला बिचकून तसेच आपल्याच खंदकांकडे परतले.

सुरुंग हुंगणारे उंदीर मला तितके खटकत नाहीत. ते इतके हलके असतात की पाय पडला तरी सुरुंग फुटत नाही. कंबोडियात ७१ सुरुंग शोधणारा मगावा नावाचा उंदीर २०२१ मध्ये चक्क निवृत्त झाला. व्हिएतनाममधून परतताना अमेरिकी सैन्याने मात्र बहुतेक कुत्री जादा सामान समजून तिथेच सोडली.