मदत हवी आहे: निजामशाहीवर काम करायचं आहे, आधी फारसी की आधी एम.ए.?

नमस्कार मंडळी,

मी अहिल्यानगरची. यंदा इतिहास घेऊन बी.ए.चं शेवटचं वर्ष दिलं, निकाल लागायचा आहे. पुढे मध्ययुगीन इतिहासातच एम.ए. करायचं आणि जमलं तर संशोधन, एवढं नक्की आहे. काळही ठरला आहे: आमच्याच शहराची, म्हणजे जुन्या अहमदनगरची निजामशाही, १४९० ते १६३६. सुरुवात कुठून करायची, इथे गाडी अडली आहे.

आमच्याकडे शाह डोंगरावरच्या इमारतीला सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. मीही सहावी-सातवीपर्यंत तेच मानत होते. ती निजामशाहीतल्या सलाबतखान या मंत्र्याची कबर आहे हे कळलं त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही शहराच्या जुन्या खापरी नळांवर केला. कापूरवाडी, शेंडी, वडगाव या बाजूंनी पाणी गावात आणि बागांत कसं खेळवलं होतं, ते शोधत उन्हात पुष्कळ फिरले. पण त्याच प्रकल्पात माझी तयारी किती कच्ची आहे हेही कळलं.

एका इनामपत्राची छापील नक्कल हाती आली होती. वर्ष अरबी शब्दांत: खमस सलासीन अलफ, म्हणजे १०३५. मी हिजरी समजून १६२५-२६ लिहून मोकळी झाले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हयात असतानाचा कागद म्हणून त्यावर दोन पानं रंगवली. सरांनी विचारलं, “हा शुहूर सन नाही कशावरून?” शुहूर सन ही दख्खनच्या जुन्या कागदांत चालणारी वेगळी कालगणना; ती मृगापासून सुरू होते, इसवी सन काढायला तिच्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. म्हणजे कागद निघाला १६३४-३५चा. मलिक अंबर १६२६ मध्येच वारला होता. कागदाच्या वर्षी शहाजीराजे निजामशाही घराण्यातल्या लहान मुलाला गादीवर बसवून निजामशाही सांभाळत होते. नऊ वर्षांच्या फरकाने सगळा अर्थच उलटला. ती दोन पानं फाडताना वाटलं, साधनं नीट वाचता आल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

मोडीचा उन्हाळी वर्ग केला आहे. पेशवाईतली पत्रं बऱ्यापैकी लागतात, शिवकालीन वळण अजून अडतं. फारसी मात्र शून्य. आणि निजामशाहीचं फारसीवाचून कसं भागणार? सय्यद अली तबातबाचं ‘बुर्हान-इ-मासिर’ आणि फिरिश्त्याचा इतिहास हे त्या काळातले फारसी ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरातून वाचते आहे, पण जिथे पाण्याचा किंवा जमिनीचा उल्लेख येतो तिथे मूळ शब्द कोणता असेल, इथेच थांबावं लागतं. कित्येक कागद तर दोन भाषांतले आहेत, फारसी आणि मोडीतली मराठी एकाच कागदावर. त्यातला अर्धाच वाचता येणं मला सोसत नाही.

म्हणून माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, वर्षभर पुण्यात राहून फारसी आणि मोडी पक्की करायची, भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन ग. ह. खऱ्यांनी छापलेली फारसी साधनं मुळाबरहुकूम वाचायला शिकायची, आणि एम.ए. पुढच्या वर्षी. दुसरी, यंदाच एम.ए.ला प्रवेश घ्यायचा आणि भाषा बरोबरीने शिकायची. दिल्लीत जेएनयूमध्ये (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) मध्ययुगीन इतिहास हा वेगळा विशेष विषय घेता येतो आणि फारसीचा विभागही तिथेच आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची परंपरा मोठी, पण तिथे भर मुघलांवर. दख्खनवाल्याची अडचण होते का? हैदराबादही मनात आहे, कारण तिथल्या राज्य अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे फारसी कागद आहेत.

घरचे विरोधात नाहीत. बाबांचं छोटं दुकान आहे, त्यांचं म्हणणं एवढंच की मधलं वर्ष घेतलंस तर ते कशात गेलं हे दाखवता आलं पाहिजे. मला ते पटतं. खर्चाचाही प्रश्न आहेच, वसतिगृह मिळालं तरच बाहेरगाव जमेल.

ज्यांनी या तिन्हींपैकी कुठेही मध्ययुगीन इतिहास घेऊन एम.ए. केलं आहे त्यांनी सांगावं: अभ्यासाच्या धबडग्यात भाषेला खरोखर वेळ मिळतो का? फारसी शिकवतात ती आजच्या इराणची बोलती भाषा, की जुनी गद्यं वाचून घेतात? आणि छापील फारसी यायला लागल्यावर शिकस्त, म्हणजे घाईच्या मोडक्या फारसी वळणातला दफ्तरी कागद लागायला आणखी किती काळ जातो? पुण्यात खासगी शिकवणारे कोणी असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा.

उर्दू लिपी मी स्वतःच शिकले आहे, पण अगदी सावकाश वाचते, एका पानाला अर्धा तास लागतो. एवढ्या तयारीवर फारसीचा पहिला वर्ग झेपेल का, तेही सांगा.